कऱ्हामाईस ताकीदवजा विनंतीपत्र

श्रीमती कऱ्हा नदी,
उगम गराडे, ता. पुरंदर, संगम सोनगाव, ता. बारामती, यांस

विषय : न कळवता घरात शिरण्याबाबत.

महोदया,

पत्रास कारण की, तुमचे वागणे आता हाताबाहेर गेले आहे. वर्षातले बरेच महिने तुम्ही गैरहजर असता आणि उगवता तेव्हा अशा थाटात, जणू सातबारा तुमच्याच नावाचा!

तुमच्या घराण्याबद्दल आम्हाला आदर आहे. ब्रह्मदेव डोंगरात तपाला बसले होते, पांडवांनी त्यांचा कमंडलू कलंडवला आणि तुम्ही निघालात, ही कथा आम्ही पाहुण्यांना हटकून सांगतो. पांडेश्वरचे देऊळही दाखवतो. पण पुरंदर पडला पर्जन्यछायेतला तालुका. कमंडलूऐवजी रांजण कलंडवला असता, तर पांडवांचे काय बिघडले असते?

पूर्वी तुमचे बरे चालले होते, हे मान्य. १६४८ साली फत्तेखानाची छावणी बेलसरला पडली आणि मावळ्यांनी तिच्यावर छापे घातले, ते तुमच्याच खोऱ्यात. मोरया गोसावींना मोरगावी स्नान करताना गणपती सापडला म्हणतात, तो तुमच्याच पात्रात; पुढे तो चिंचवडला गेला. खाली बारामतीत मोरोपंत आर्या रचत बसले. अत्र्यांनी तर आत्मचरित्रालाच 'कऱ्हेचे पाणी' नाव दिले. आज कोणी हे नाव दिले, तर वाचक आधी विचारील, टँकर किती हजार लिटरचा?

कारण सासवडच्या नळाला पाणी येते ते वीर धरणाचे, म्हणजे नीरेचे. सोनगावला तुम्ही जिला जाऊन मिळता, तिचेच पाणी पंप लावून तुमच्या माहेरी चढवावे लागते. यात लाज कोणाला वाटायची, ते तुमचे तुम्ही ठरवा. शेतांसाठी उपसा योजना आहे. पुण्याने वापरून सोडलेले मुळा-मुठेचे पाणी ती घाटावर आणते. आमच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भूगोलात पुणेकरांच्या न्हाणीघरांचाही वाटा आहे, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही.

सोमवती अमावास्येला जेजुरीहून खंडोबाची पालखी भंडारा उधळत तुमच्याकडे स्नानाला येते. देव वेळेवर येतात, यजमानीणच घरी नसते. मग देवाच्या आंघोळीच्या पाण्याची तजवीजही माणसांनीच करायची!

तुम्ही नसताना जागा ओस पडू नये, म्हणून आम्ही काय कमी केले? वाळू उगाच पडून होती, ती रातोरात हलवली. काठचे बांध जरा आत सरकवले. वरचा एकेक ओढा अडवला, उरलेले बोअरने खालून ओढून घेतले. प्रवाह अगदीच खंडू नये म्हणून गावचे सांडपाणी नेमाने सोडतो. वेडी बाभूळ मात्र आपली आपण आली. तिचे श्रेय आम्ही घेत नाही.

एवढे करूनही २०१९च्या सप्टेंबरात तुम्ही काय केलेत? उन्हाळाभर तालुका टँकरमागे पळत होता. २५ तारखेला रात्री वर पाऊस कोसळला, नाझरे धरणातून पाणी सोडावे लागले आणि तुम्ही थेट लोकांच्या उंबऱ्यात! बारामतीत हजारोंना घरे सोडून हलावे लागले. पंचनाम्यात तुमच्या येण्याची नोंद 'अतिक्रमण' अशी व्हावी, ही आमची रास्त सूचना होती. पण जुन्या नकाशात ती जागा तुमचीच निघाली. नकाशे वेळच्या वेळी दुरुस्त होत नाहीत, हे या देशाचे दुखणेच आहे.

तरी यापुढे येताना आगाऊ कळवावे, बेताने यावे आणि आलेले पाणी हप्त्याहप्त्याने द्यावे. शिवाय एखतपूर, मुंजवडी, खानवडी या बाजूला विमानतळ व्हायचे घाटते आहे. धावपट्टी सरळ असते. तेव्हा वळणे घेत जाण्याची जुनी खोड आतापासूनच सोडायला लागावे.

कळावे, लोभ असावा, पूर नसावा.

आपला,
एक काठावरचा (हल्ली पात्रातला) रहिवासी

प्रत माहितीसाठी : श्रीमती नीरा नदी, सोनगाव. आपल्याकडे काही पोहोचलेच, तर पोच द्यावी.