चिलखताचे वेगळे, पार्किंगचे वेगळे

प्रति,
जगातील समस्त कन्सोल-गेम प्रकाशक,
मुक्काम टोकियो, पॅरिस, कॅलिफोर्निया व जिथे जिथे असाल तिथे.

विषय : आमच्या धंद्यातल्या कल्पना न विचारता उचलल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

मी पुण्यातला बांधकाम व्यावसायिक. लोक मला बिल्डर म्हणतात. मी बांधलेल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणखीही काही म्हणतात. व्हिडिओ गेमशी माझा संबंध एवढाच की आमचे चिरंजीव रात्री दोनपर्यंत हॉलमधल्या टीव्हीसमोर बसतात आणि कार्ड माझं असतं. गेल्या महिन्यात बिल आलं. खेळ ४,९९९ रुपयांचा. त्याखाली सीझन पास. त्याखाली कसलंसं पोशाखांचं पॅक. त्याखाली खेळातल्या नाण्यांची खरेदी, ती मात्र खऱ्या रुपयांत. खरं तर चिडायला हवं होतं. पण यादी वरून खाली वाचत गेलो आणि ऊर भरून आला. मूळ दर, फ्लोअर राइज, गार्डनकडे तोंड असल्याचे जादा, पार्किंग, क्लबहाऊस, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. अहो, हे तर आमचं कोटेशन!

तेव्हापासून तुमचा धंदा अभ्यासतो आहे. आरंभ घोड्यापासून केला. २००६ साली बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर. खेळ पुरा करायला त्या चिलखताची काही गरज नव्हती. लोक हसले, चिडले आणि विकत घेऊन मोकळे झाले. २००९च्या एक एप्रिलला कंपनीने या खेळाची बाकीची जोडपॅकं निम्म्या किमतीला काढली आणि चिलखताची किंमत मात्र दुप्पट केली. गंमत म्हणून. २०२५ मध्ये तोच खेळ रंगरंगोटी करून पुन्हा बाजारात आला, तेव्हा दहा डॉलर जास्त मोजून घ्यायच्या आवृत्तीत पुन्हा घोड्याचं चिलखत! एकोणीस वर्षं तोच घोडा कमावून देतो आहे. आमच्या धंद्यात इतकी वर्षं उत्पन्न फक्त मोबाइल टॉवरच्या गच्चीचं येतं.

तुमच्यावर टीका करणाऱ्यांना दराचं गणित कळत नाही, हे मी आधीच सांगतो. २००६च्या सुमारास अमेरिकेत कन्सोलवरचा मोठा खेळ साठ डॉलरला मिळायचा. २०२० पर्यंत तो साठच राहिला आणि मग कुठे सत्तर झाला. महागाई धरली तर मूळ खेळ स्वस्तच झाला म्हणायचा. इकडे चित्रं वाढली, माणसं वाढली, पगार वाढले. गिऱ्हाईक होर्डिंगवरचा आकडा बघतं. तो हलवला की समोरच्या साइटवर जातं. म्हणून होर्डिंग तसंच ठेवायचं, आकड्याशेजारी बारीक चांदणी काढायची आणि जे वसूल करायचं ते चांदणीच्या पोटात करायचं. हे मला कोणी शिकवायला नको.

पण काही ठिकाणी तुम्ही आमच्याही पुढे गेलात. २०१२ सालचा कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ घ्या. बारा लढवय्ये डिस्कवर तयार बसलेले, गिऱ्हाइकाच्या घरात, त्याच्याच कपाटात, पण कुलूपबंद. किल्लीचे वीस डॉलर वेगळे. हे वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. इमारतीच्या खांबांमध्ये तयार असलेलं स्टिल्ट पार्किंग आम्ही असंच विकत होतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. म्हणे, ती जागा सामाईक आहे, बिल्डरला वेगळी विकता येत नाही. आम्ही थांबलो आणि दोन वर्षांत तुम्ही सुरू केलंत. तुमच्या वकिलाचा नंबर कळवावा.

लूट बॉक्सचं मात्र पटलं नाही. पैसे आधी, आत काय निघेल ते नशिबावर. आमच्याकडे म्हाडाची सोडत असते, तीही नशिबाचीच. पण ज्याचं नाव निघत नाही त्याची अनामत परत मिळते. तुमच्याकडे अनामत जाते आणि हातात येते खेळातली एखादी टोपी. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. त्याच्या आदल्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘बॅटलफ्रंट २’मध्ये डार्थ वेडर साठ हजार क्रेडिटांच्या आड ठेवला होता. तेवढे जमवायला किती तास राबावं लागेल याचा हिशेब खेळाडूंनी मांडला, तर चाळीसच्या घरात गेला. त्यावर कंपनीचं म्हणणं असं की कष्टाने मिळवण्यात अभिमान असतो, कर्तृत्वाचा आनंद असतो. नापसंतीचे सहा लाखांहून जास्त शिक्के पडले, किंमत उतरवावी लागली, तो भाग निराळा. वाक्य मी लिहून ठेवलं आहे. पुढच्या वेळी सातव्या मजल्यावरच्या जोशीकाकू लिफ्ट बंद असल्याचं सांगायला आल्या की वापरीन.

प्रत्येक गावात धंदा बिघडवणारा एखादा असतोच. तुमच्यात तो पोलंडचा आहे, सीडी प्रोजेक्ट. २०१५ मध्ये ‘द विचर ३’ आणला आणि वर सोळा जोडपॅकं फुकट वाटली. त्यांतल्या एकात घोड्याचं चिलखतसुद्धा होतं! फुकट! पुढच्या वर्षी वीस डॉलरला ‘ब्लड अँड वाइन’ काढलं, तर त्यात अख्खा नवा मुलूख, नवी माणसं, नवी गोष्ट. शेजारी नवी विंग बांधावी आणि तिचे पैसे घ्यावेत तसं. चिरंजीव म्हणाले, बाबा, एवढेच काय ते पैसे वसूल झाले. मी गप्प बसलो, कारण वाढीव बांधकामाचे वाढीव पैसे यात मला शिकण्यासारखं काहीच नव्हतं; ते सगळेच घेतात. पण मग २०२० उजाडलं. याच मंडळींचा ‘सायबरपंक २०७७’ एकाच वर्षात तीनदा पुढे ढकलला गेला आणि डिसेंबरात आला तो जुन्या कन्सोलवर पाय टाकीन तिथे कोसळणारा. आठवडाभरात सोनीने दुकानातून काढला, पैसे परत दिले. भोगवटा प्रमाणपत्राआधी पझेशन! वाचून हायसं वाटलं. कितीही सज्जन बिल्डर असो, तारीख गळ्याशी आली की किल्ल्या वाटतोच.

आता जिथे तुमच्यापुढे हात टेकले ते सांगतो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी रोख पैसे मोजून डिस्क आणली होती त्यांच्या हातात एक चकचकीत बशी उरली. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी चालेना. कारण म्हणे, तुम्ही खेळ घेतलाच नव्हता, वापरायचा परवाना घेतला होता. इतकी वर्षं या धंद्यात घालवली. पाण्याच्या टाकीपासून गच्चीच्या हक्कापर्यंत काय काय केलं, ते इथे लिहीत नाही. पण इंडेक्स टू हातात दिल्यावर दहा वर्षांनी जाऊन दाराला कुलूप घालावं आणि जोशीकाकूंना सांगावं की तुम्ही फ्लॅट नाही, फक्त आत बसायची परवानगी घेतली होती, हे कधी सुचलंच नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून निदान तसं आधी स्पष्ट सांगायचा कायदा आहे. इथे आम्हाला महारेरा आहे. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, बांधकामात दोष निघाला तर पाच वर्षं दुरुस्त करून द्यायचा. तुम्ही खेळ बाजारात येण्याआधीच पैसे घेता, वर प्री-ऑर्डर केल्याबद्दल तलवार देता, आणि गिऱ्हाईक आभार मानतं.

तेव्हा विनंती अशी की आमच्या संघटनेसाठी एक दिवसाचं शिबिर घ्यावं. जेवण, चहा आमच्याकडे. खुर्ची सर्वांना मिळेल. पंख्याखालची हवी असल्यास तसं नावनोंदणीच्या वेळीच सांगावं.

कळावे, लोभ असावा,

आपला,
एक बांधकाम व्यावसायिक, पुणे

ता. क. : चिरंजीवांना शेवटी घोड्याचं चिलखत घेऊन दिलं. त्या घोड्याच्या पार्किंगचं काय, ते तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच दिसलं नाही. राहून गेलं असावं. आकडा कळवावा.