थोर थकबाकीदारांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री थोर थकबाकीदार महोदय यांसी,

गोदातीरीच्या एका सामान्य नागरिकाचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्राच्या माथी आपले नाव घातले नाही, याबद्दल रोष नसावा. ऋणकोची गुप्तता राखणे हा बँकांचा कुलधर्म असल्यामुळे आपल्या वर्गाची यादी उघड करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयास २०१५ साली रिझर्व्ह बँकेला बजवावे लागले. आमच्याकडील दोन एकरांच्या द्राक्षबागाईतदाराचे नाव मात्र गट नंबर आणि तालुक्यासह जप्तीच्या जाहिरातीत विनासायास झळकते.

आमच्या नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची कथा आपल्या कानी असेलच. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटा रद्द झाल्या, १४ तारखेस जिल्हा बँकांना त्या स्वीकारण्याची मनाई झाली, आणि मधल्या अवघ्या काही दिवसांत जमा झालेले ते चलन तिजोरीत असे अडकले की, ज्या शिक्षकांचे पगार तेथे जमा होत, त्यांना स्वतःच्याच पैशांसाठी खिडकीपुढे तिष्ठावे लागले. २०१७ सरता सरता संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. तथापि सारा दोष नोटांच्या माथी मारणे आपल्या वर्गाच्या कर्तृत्वावर अन्याय करणारे होईल. निफाड आणि नाशिक या दोन सहकारी साखर कारखान्यांची धुराडी त्याआधीच थंडावली होती, आणि त्यांत गुंतलेला बँकेचा पैसाही त्यांच्याबरोबरच थिजला होता.

वसुलीची मोहीम निघाली तेव्हा लिलावास ट्रॅक्टर निघाले. यात पक्षपात पाहणारे लोक उगाच संशयी होत. कारखान्यास चाके नसतात, ट्रॅक्टर मात्र लिलावाच्या मैदानात स्वतः चालत येतो. आमच्यातही सरकार माफी देईल या भरवशावर हप्ता थोपवणारे निघाले, हे नाकारीत नाही. परंतु त्या माफीचा न्याय पाहा: २०१७ च्या योजनेत दीड लाखावरची बाकी आधी भरावयाची, मग लाभ; २०१९ च्या योजनेत दोन लाखांवर गेलेला मुळातच बाद. म्हणजे आमचे कर्ज वाढले की दया आटते, आणि आपले वाढले की सामोपचाराचा प्रारंभ होतो! रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने तर, फौजदारी कारवाईस बाध न येता, हेतुपुरस्सर थकबाकीदारांशीही तडजोड करण्याची वाट बँकांना मोकळी करून दिली. शिवाय निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली सुरूच राहते, असा खुलासा सरकार संसदेत वेळोवेळी करीत असतेच. तो ऐकून आपली निद्रा भंगली असेल, असे मात्र वाटत नाही.

तरी कृपावंत होऊन एवढे कळवावे की, कर्ज नेमके किती कोटींस पोहोचले म्हणजे नोटिशीऐवजी चहाचे निमंत्रण येते, आणि तेथवर पोहोचण्यास लागणारे पहिले कर्ज, ज्यांच्या सातबाऱ्यावरील इतर हक्कांत आधीच बोजा चढलेला आहे, त्यांना कोणत्या तारणावर मिळू शकेल. उत्तर परतटपाली यावे. इकडे पुढच्या लिलावाची तारीख पुकारली गेली आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.