ओव्हरकोटातला पासधारक

डेक्कन क्वीनमध्ये बसायचं असतं, ती बनवायची नसते, असं घरच्यांचं म्हणणं. पण 1 जून 1930 ला सुरू झालेल्या त्या पहिल्या गाडीच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचा भाग माटुंग्याच्या वर्कशॉपात बांधला गेला, हे वाचल्यापासून तिचं छोटं मॉडेल करायचं माझ्या अंगात आलं होतं. बोग्या आणि चाकं मी परदेशातून मागवली, डब्याचं कवच इथेच थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलं. माटुंगा म्हणजे आमच्या सदाशिव पेठेतल्या घराची गॅलरी, जिथे एरवी पापड वाळतात.

एचओ स्केल म्हणजे 1:87. जुन्या आयसीएफ पद्धतीचा 21.3 मीटरचा डबा त्यात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. रूळ मात्र मिळतात 16.5 मिलिमीटरचे, कारण ते स्टँडर्ड गेजच्या हिशेबाने केलेले. आपल्या ब्रॉडगेजच्या 1676 मिलिमीटरना 87 ने भागलं तर सव्वाएकोणीस येतात. त्यामुळे माझी गाडी पायांनी काटकुळी आणि अंगाने भरलेली दिसते. आरशासमोर उभा राहिलो की मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते.

खऱ्या गाडीला 2022 मध्ये नव्या एलएचबी पद्धतीचे डबे लागले, रंग बदलला. मला हवी होती ती जुनी, निळी-पांढरी, लाल पट्टीची. पट्टी सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावला, पण कडा नखाने नीट दाबायचा कंटाळा केला. टेप काढला तर लाल रंग निळ्यात पाझरून डबा जखमी झालेला. रंग उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. त्यात डबा बुडवून ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत ‘बाबा दारूत गाडी भिजवतायत’ ही बातमी चिरंजीवांनी तिन्ही मजल्यांवर पोचवली.

मग खिडक्या. त्या सुपरग्लूने चिकटवल्या. सुपरग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि काच कायमची पांढुरकी होते, हे मला सकाळी कळलं. बायकोने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, ‘‘असू दे, खंडाळ्याचं धुकं म्हण.’’ धुकं खरवडून काढलं आणि नव्या खिडक्या मुकाट्याने फेविकॉलने लावल्या.

प्रवासी आले जर्मनीच्या प्रायझर कंपनीचे. बसलेली माणसं महाग, उभी स्वस्त. मी अर्थातच उभी घेतली. बाकांवर बसवायची तर पाय कापावे लागतात. हे काही माझं क्रौर्य नव्हे, या छंदातली सगळीच मंडळी तेच करतात. फक्त ती नेलकटर वापरत नाहीत. पाय उडून घरभर झाले. झाडताना मावशींनी विचारलं, ‘‘दादा, हे पाय केरात टाकू का ठेवू?’’ बायकांना मी रंगाने साड्या नेसवल्या. काठसुद्धा काढले. पुरुषांच्या ओव्हरकोटांचं काही करता येईना. त्यांना पांढरा रंग दिला तर डबाभर कंपाउंडर दिसू लागले.

डायनिंग कारवर मात्र मी जीव ओतला. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये कटलेट नसेल तर ती गाडी कसली? बराच वेळ स्वयंपाकघरातले डबे धुंडाळल्यावर राजगिरा सापडला. एक दाणा म्हणजे 1:87 मध्ये साधारण 9 सेंटिमीटरचं कटलेट. रंग मुळातच खरपूस. प्रत्येक ताटलीत चिमट्याने एकेक दाणा ठेवला आणि त्या रात्री समाधानाने झोपलो. सकाळी डायनिंग कारमध्ये मुंग्या. तीन मिलिमीटरची मुंगी त्या मापात चांगली वीतभर होते, आणि अशा दहा-बारा जणी साडीतल्या प्रवाशांच्या अंगावरून कटलेट उचलून चालल्या होत्या. मी संतापाने सगळ्या डब्यांची छपरं अराल्डाइटने कायमची बंद केली. शहाणे लोक छप्पर निघेल असं ठेवतात.

गाडी चालवली, तेव्हा भूमिती आडवी आली. माझ्या वळणाची त्रिज्या 18 इंच. एवढा लांब डबा त्यावर वळताना त्याचं पोट जवळजवळ 8 मिलिमीटर आत येतं, आणि हौसेने बांधलेला फलाट मी नेमका तिथेच, आतल्या बाजूला, रुळाला खेटून बसवला होता. पहिल्याच फेरीत फलाटाची कड सोलली गेली आणि चहावाला किटलीसकट आडवा झाला.

दुरुस्ती करून शेजारच्या आप्पांना बोलावलं. त्यांनी उभी नोकरी डेक्कन क्वीनच्या पासावर केलेली. रंग, पट्टी, फलाट यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट खिडकीला डोळा लावला.

‘‘सगळे जागे कसे?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘सव्वासातला पुणं सुटलं की निम्मा डबा घोरतो. आणि पत्ते कुठायत?’’

मी वहीत लिहून घेतलं. आप्पा पुढच्या खिडकीशी सरकले आणि तिथेच थांबले.

‘‘हा ओव्हरकोटवाला कोण?’’

‘‘प्रवासी आहे आप्पा. जर्मन.’’

‘‘ती माझी खिडकी आहे. उठव त्याला.’’

मी अराल्डाइटचं सांगितलं. छप्पर निघणार नाही, काढायला गेलो तर डबा फुटेल, आणि त्याला पायही नाहीत, हेही सांगितलं. आप्पांनी थोडा विचार केला.

‘‘बरं, लोणावळ्यापर्यंत बसू दे. पुढे माझी जागा.’’