चाळीस टक्क्यांचं राज्य

कर्नाटकात चाळीस हा आकडा मोठा भाग्यवान. २०२३च्या निवडणुकीत कंत्राटांतल्या कमिशनच्या आरोपापायी तो गावोगाव गाजला. पण सरकारी दवाखान्यातल्या एका कागदावर तो त्याआधीपासून मुकाट बसून आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याप्रमाणे नोकरीतलं आरक्षण हवं, तर अपंगत्व किमान ४० टक्के पाहिजे. ३९ भरलं, तर अपंगत्वाचं कार्ड पांढरं. ४०ला पिवळं, ८०ला निळं.

पाय मोजता येतो, कान मोजता येतो. स्किझोफ्रेनिया? तोही मोजतात. चार रकाने असतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज, काम. आजार किती वर्षं मुरला, त्याचे गुण वेगळे. त्यामुळे खानापूरहून लेकाला घेऊन निघालेली आई आदल्या रात्री त्याला बजावते, "उद्या साहेबांपुढं फार शहाण्यासारखं बोलू नकोस रे बाबा!" औषधं देऊन माणूस सुधारावा, तर टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढं ते घसरतात.

नावं मात्र आम्ही झपाट्यानं सुधारतो. १८४५ साली धारवाडात वेड्यांचं इस्पितळ निघालं, त्याचं आज 'डिमहान्स' झालं. मनोरुग्णांचे कायदे १९१२, १९८७ आणि २०१७ असे तीनदा नवे झाले. अपंगाला कर्नाटकानं 'विकलचेतन' केलं, महाराष्ट्रानं 'दिव्यांग'. बसस्टँडवर मनोरुग्ण अजून 'हुच्च'च, म्हणजे वेडाच आहे. नाव बदलायला बजेट लागत नाही, बसस्टँड बदलायला लागतं.

आता समजा, बेळगावच्या अधिवेशनातून आमदारांची एक समिती मनोरुग्णांच्या सेवांचा अभ्यास करायला धारवाडला निघाली. आदल्या दिवशी भिंतींना चुना, जिन्याला फिनेल. पाहणी वीस मिनिटं, शाल-हार वीस मिनिटं, पेढ्यांना वेळेची मर्यादा नाही. परतण्याआधी हुबळीचा रेल्वे प्लॅटफॉर्म दाखवायचा: १५०७ मीटर, जगात सर्वांत लांब! कुबड्या घेतलेल्या माणसाला हे दीड किलोमीटरचं कौतुक कुणी सांगू नये.

रुग्णांची क्षमा मागून मी तेच चार रकाने समितीला लावून पाहिले. स्वतःची काळजी: उत्तम, तक्रारीला जागा नाही. माणसांशी वागणं: निवडणुकीच्या साली फार गोड. संवाद व समज: संवाद भरपूर. काम: अहवाल 'विचाराधीन'. आजाराचा काळ विचाराल, तर बराच जुना.

टक्के किती, ते बोर्डानं ठरवावं. माझी विनंती एवढीच: समितीनं पुढच्या वेळी न कळवता यावं, बोर्डाच्या दिवशी, खानापूरच्या पहिल्या बसनं. हार नको, शाल नको. त्या माउलीच्या मागं रांगेत उभं राहावं आणि आपला नंबर येईपर्यंत जागचं हलू नये. अभ्यास आपोआप होईल.