खानदानी भांडी

ग्रीक भांडं विकायचं तर त्याला खानदान लागतं. ‘एका स्विस सद्गृहस्थाचा संग्रह’ एवढं लिहिलं की भागतं. सद्गृहस्थाचं नाव विचारणं असभ्यपणाचं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने प्राचीन ग्रीक चित्रकार युफ्रोनिओसने रंगवलेला कुंभ सुमारे दहा लाख डॉलरला घेतला. त्यावर जखमांतून रक्त ठिबकणारा ग्रीक पुराणातला वीर सार्पेडोन, आणि त्याला उचलणारे निद्रा व मृत्यू. कुंभ म्हणे लेबनॉनमधल्या एका घराण्याकडे वर्षानुवर्षं पडून होता. प्रत्यक्षात जेमतेम वर्षभरापूर्वी तो रोमजवळच्या चेर्वेतेरीतल्या एट्रुस्कन थडग्यातून चोरून काढला होता. ग्रीक लोक अशा कुंभात वाइनमध्ये पाणी मिसळत. दलालांनी ते इतिहासात मिसळलं, एवढाच फरक.

१९९५ साली अशाच एका दलालाच्या जिनिव्हातल्या गोदामावर धाड पडली आणि पोलरॉइड फोटोंचे ढीग सापडले. ‘पिढ्यान्‌पिढ्या दिवाणखान्यात’ नांदलेली भांडी फोटोत मात्र तुकड्या-तुकड्यांत, अंगाला माती फासलेली! दिवाणखाना फारच दमट असावा.

कुंभ २००८ साली इटलीला परतला. संग्राहक आजही निव्वळ कलेच्या प्रेमापोटीच खरेदी करतात. घाईत मूळ पावती मागायची तेवढी राहून जाते.