दैत्य की जनावर : बुलढाणा जिल्ह्यापुरती निर्णयपद्धती

कथेतील एखादा जीव नैसर्गिक प्राणी मानावा की अलौकिक दैत्य, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात निव्वळ कल्पनेचा राहत नाही, कारण येथे लोणार गावी लोणासुराच्या नावावर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा जमा आहे. निर्णयाचा आरंभ १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमापासून करावा. त्यातील व्याख्येनुसार ‘प्राणी’ या संज्ञेत सस्तन, पक्षी, सरीसृप, मासे तर येतातच, पण त्यांची पिल्ले आणि अंडीही मोडतात. शिंगे किती आणि सुळे केवढे याची चौकशी मात्र व्याख्या करीत नाही, त्यामुळे केवळ अक्राळविक्राळ रूपावरून कोणासही अपात्र ठरवू नये.

लोणासुर अथवा लवणासुर, म्हणजे जमिनीखालच्या विवरात राहून वरून झाकण लावून घेणारा पुराणकथेतील असुर, या कसोटीवर चांगलाच टिकतो. झाकणाचे नवल करण्याचे कारण नाही. बिळाच्या तोंडाला झाकण बसवणारे कोळी निसर्गात आहेत. शिवाय त्याला दोन बहिणी होत्या आणि देखण्या तरुणाच्या रूपात आलेल्या विष्णूवर भाळून त्यांनीच भावाचा ठावठिकाणा सांगितला, अशी कथा आहे. (बहिणींचा जबाब कोणी नोंदवल्याचे दिसत नाही.) बहिणी आहेत त्याअर्थी आईबाप असणार आणि आईबाप आहेत त्याअर्थी असुरही कधीकाळी पिल्लू असणार, हे ओघानेच आले.

अडचण येते ती बंदोबस्ताच्या कसोटीवर. रोही, म्हणजे नीलगाय, तुरीत शिरला तर शेतकरी अर्ज करतो, वनरक्षक आणि तलाठी बांधावर येऊन मोडलेली झाडे, खुरांचे ठसे आणि लेंड्या पाहतात आणि पंचनामा होतो. त्यासाठी कोणा देवाला अवतार घ्यावा लागत नाही. लोणासुरासाठी मात्र साक्षात विष्णूला यावे लागले आणि लोणार गावात दैत्यसूदनाचे, म्हणजे दैत्याचा वध करणाऱ्या विष्णूचे, मंदिर उभे राहिले, तेव्हा या मुद्द्यावर तो दैत्यच ठरतो. मुंजा आणि चकवा या भुतांची प्रकरणे लेंडीअभावी तत्काळ निकाली काढावीत.

लोणारच्या खड्ड्यातील सरोवराचे खारे पाणी हे असुराचे रक्त, असे दैत्यपक्ष मानतो, आणि जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाल्याने त्या पक्षाला जोर चढला; परंतु पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग हॅलोआर्कियांचा, म्हणजे अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या रंगद्रव्ययुक्त सूक्ष्मजीवांचा, असल्याचे सांगितले. त्याहून मोठा घात केला तो मास्केलिनाइटने. प्रचंड आघाताच्या दाबाने खडकातील फेल्डस्पार या खनिजाचे काचेसारखे रूप होते, त्यास हे नाव आहे, आणि ते लोणारच्या बेसॉल्टमध्ये सापडल्याने खड्डा अशनीपाताने झाल्याचे सिद्ध झाले. अशनीला पिल्ले नाहीत, अंडी नाहीत, बहिणीही नाहीत. सबब नुकसान करणाऱ्या प्राण्याचा रकाना कोरा ठेवून, ‘नैसर्गिक आपत्ती’ असा शेरा मारून, फाईल वन विभागाकडून महसूल विभागाकडे वर्ग करावी.