बिजागरीकाका

आमच्या बंगळूरच्या बसवनगुडीतल्या काकांना घरातल्या कुठल्याही वस्तूचं कूळ विचारा, सात पिढ्या सांगतील. वस्तू मोडलेली असली तर चौदा.

पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी निखळली. काकू म्हणाल्या, "नवी आणा." काका उठले ते थेट पुस्तकांच्या कपाटाकडे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्ति कोश मांडीवर घेऊन बसले.

"अगं, ही पोर्तुगीज! मूळ बिसाग्रा. चावीसुद्धा त्यांचीच."

"आणि कुलूप?" मी उगाच विचारलं.

"अरबी. कुफ्ल! आपण फ आणि ल यांच्या जागा बदलल्या, एवढंच."

"म्हणजे दार तेवढं आपलं," काकू म्हणाल्या, "आणि तेही पडलंय."

"किल्ली आपली आहे ना! संस्कृत कील. खिळा, खीळ, किल्ली, सगळी सख्खी भावंडं. कानडीतली कीलीसुद्धा त्याच घरची."

शेवटी बिजागरी आणायला मीच त्यांना एस. पी. रोडवर नेलं. वाटेत एम. जी. रोडला वळसा पडला, कारण काकांना किटेलच्या पुतळ्याला नमस्कार करायचा होता. 1894 साली कानडी-इंग्रजी कोश छापणारा जर्मन पाद्री हे त्यांचं कुलदैवत. दुकानदारानं खिळ्यांना 'मोळे' म्हटलं आणि काका उजळले. "बेळगावकडे आम्हीही मोळाच म्हणतो!" मागे रांग लागली. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "बिजागरी किती इंची?" माप कुणी घेतलंच नव्हतं. आम्ही किलोभर मोळे घेऊन परतलो.

पुतणीच्या साखरपुड्यात तर कहर. मुलगा म्हैसूरचा. काका व्याह्यांना म्हणाले, "कानडीत तुम्ही आमचे बीगरु, म्हणजे व्याही. पण बीग म्हणजे कुलूपही, बरं का! आता आम्ही तुमच्या कुलपात." मी मान खाली घातली. व्याही गृहस्थ मात्र पिकलेले. हसून म्हणाले, "मग कीलीकै, म्हणजे किल्ली, सुनेच्या कमरेलाच राहू दे." काकांनी खिशातली वही काढून ते टिपून घेतलं.

स्वयंपाकघराचं दार अजून सुतळीनं बांधलेलं आहे. काकांचं सध्या सुतळीवर चाललंय.